चाकोरी न सोडण्याची कला

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आता बहुधा तक्रारीच्या सुरातच ऐकू येतो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार. मूळ अर्थ मात्र साधा आणि मातीतला आहे. बैलगाडीची चाकं वर्षानुवर्षं एकाच जागेवरून गेली की जमिनीत दोन समांतर खाचा पडतात, ती चाकोरी. गाडीवानाला तिचा आधार वाटे. अंधारात डुलकी लागली तरी बैल त्या खाचांमधून गाडी घरी आणत. शनिवार-रविवारी फोर बाय फोर गाड्या घेऊन सह्याद्रीच्या माळांवर आणि ओढ्यांमध्ये उतरणाऱ्या क्लबांच्या छंदाला ‘चाकोरीबाहेरचा’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. क्लबांनाही ते विशेषण आवडतं. या लेखात मला नेमकं उलट म्हणायचं आहे. या छंदातलं सगळं कौशल्य, त्याची सभ्यता आणि पुढे तो टिकेल की बंद पडेल हा प्रश्नसुद्धा चाकोरी न सोडण्याशी बांधलेला आहे. क्लब या गोष्टीला काही अर्थ असेल तर तो एवढ्याचसाठी.

अशा गाड्या आपल्याकडे नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशकं तहसीलदार, वनाधिकारी, धरणाचे अभियंते आणि आडवळणाच्या गावांतले बागायतदार यांना जीपशिवाय पर्याय नव्हता. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. या सगळ्या गाड्या प्रामुख्याने कामाच्या होत्या आणि ज्याच्या हाती त्या असत त्याला वाट ठाऊक असे. २०२० मध्ये महिंद्रांची नव्या रूपातली थार आल्यावर हे गणित बदललं. वातानुकूलित, स्वयंचलित गिअरची, घरच्यांना आवडेल अशी आणि तरीही चारही चाकांना जोर देणारी गाडी शहरी कुटुंबांच्या पार्किंगमध्ये येऊन उभी राहिली. २०२३ मध्ये जिम्नी आली, गुरखा होतीच. गाडीचं बळ वाढलं, ती चालवणाऱ्याचं जमिनीविषयीचं ज्ञान मात्र त्या प्रमाणात वाढलं नाही, आणि वाढावं तरी कुठून? वाहन परवान्याच्या परीक्षेत चिखल नसतो. ही दरी भरून काढण्याची जागा म्हणून मी क्लबांकडे पाहतो.

चांगल्या क्लबची सहल कशी असते ते पाहण्यासारखं आहे, कारण बाहेरून दिसणारी धडाडी तिथे फार थोडी असते. पहाटे हायवेवरच्या एखाद्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलपाशी गाड्या जमतात. ब्रीफिंग होतं. पुढे कोण, सर्वांत मागे कोण, वॉकी-टॉकीचा कोणता चॅनेल, कुणाची गाडी पहिल्यांदाच येते आहे, हे ठरतं. सगळ्यांत पुढच्या गाडीला ‘लीड’ म्हणतात आणि शेवटच्या गाडीला ‘स्वीप’; स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही, हा पहिला नियम. प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात दिसते ना हे पाहत राहायचं, हा दुसरा. डांबरी सडक सुटली की सगळे थांबतात आणि टायरमधली हवा कमी करतात. पुढे एखादी अवघड जागा आली की चालक खाली उतरून ती आधी पायी चालून बघतात. मग एक माणूस गाडीसमोर, पण चाकांच्या वाटेतून बाजूला, उभा राहून हातांनी खुणा करतो. तो स्पॉटर. चालकाला बॉनेटच्या आड दडलेला दगड दिसत नाही, स्पॉटरला दिसतो. म्हणून त्या घडीला गाडी स्पॉटरच्या हाताने चालते आणि चालकाने फक्त त्याचं ऐकायचं असतं. दिवसभरात एकूण अंतर दहा-पंधरा किलोमीटरही होत नाही. पाहणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटू शकतं. आत बसलेल्याला मात्र प्रत्येक फुटावर निर्णय घ्यावा लागतो.

हळू जाण्यामागे यंत्रशास्त्र आहे. अशा गाडीच्या गिअरबॉक्सला जोडून ‘ट्रान्सफर केस’ नावाची आणखी एक गिअरपेटी असते आणि तिच्यासाठी बहुधा वेगळा छोटा दांडा किंवा बटण असतं. तिथे ‘फोर लो’ निवडलं की चाकांवर येणारा जोर साधारण दोन ते अडीच पट होतो आणि वेग तितक्याच पटीने उतरतो. पहिल्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवर न ठेवताही गाडी माणसाच्या चालीने किंवा त्याहून हळू चढ चढते आणि उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं. दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून एका आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना. सडकेवर ती वरदान आहे. खडकाळ जागी एक चाक हवेत लोंबकळलं की तेच चाक भिरभिरत राहतं आणि जमिनीवर टेकलेलं चाक ढिम्म हलत नाही. डिफ लॉक असेल तर दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि गाडी निघते. नसेल तर वाट अशी निवडावी लागते की चारही चाकं जमिनीला टेकून राहतील. म्हणून जाणकारांचं लक्ष इंजिनाच्या ताकदीपेक्षा चाक कुठे पडणार याकडे असतं.

टायरमधल्या हवेचं गणित तर कागदावर मांडून पाहण्याइतकं सोपं आहे. माणसं आणि सामानासह पावणेदोन टन भरणाऱ्या गाडीच्या एका चाकावर सुमारे ४४० किलो भार येतो. टायरमध्ये ३० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो दाब असेल, तर चाक ढोबळ मानाने २१० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतं. हवा १८ पीएसआयवर आणली की तोच आकडा साडेतीनशेच्या आसपास जातो. चाकाचा ठसा लांबतो, मऊ टायर दगडाभोवती वाकून त्याला धरतो, दर चौरस सेंटिमीटरवरचा भार उतरतो. इथे पर्यावरणाच्या वादाला उपयोगी असा एक मुद्दा दडलेला आहे. जमिनीची खरी नासाडी बऱ्याचदा भारापेक्षा घसरणाऱ्या चाकामुळे होते. जागच्या जागी गरगरणारं चाक गवताची मुळं ओरबाडतं, माती फेकतं आणि खड्डा पाडतं. चारही चाकांवर जोर वाटून, हवा कमी करून, फोर लोमध्ये चालणारी गाडी या बाबतीत दोन चाकांच्या जोरावर धडपडणाऱ्या गाडीपेक्षा सौम्य असते. चिखलाचे फवारे उडवणारा चालक निसर्गाचं तर नुकसान करतोच. शिवाय त्याला गाडीही येत नाही, कारण चाक घसरू न देणं हेच तर शिकायचं असतं.

पाण्याच्या बाबतीत चूक जिवावर बेतते, म्हणून तिथे थोडं थांबायला हवं. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता लिहिलेली असते आणि ती खोटी नाही. पण तो आकडा हवा आत ओढणारं तोंड पाण्याच्या वर राहील की नाही एवढंच सांगतो. ते तोंड बुडालं की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, आणि पिस्टनचे दांडे वाकून इंजिन कायमचं बसतं. वाहत्या पाण्याचा रेटा हा त्याहून वेगळा विषय आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वर्षानुवर्षं बजावते आहे की सुमारे ३० सेंटिमीटर वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं, आणि ६० सेंटिमीटर पाण्यात एसयूव्ही आणि ट्रकही टिकत नाहीत. माहितीपत्रकातल्या आकड्याच्या आतच ही मर्यादा येते. आपल्या घाटमाथ्यावर वर ढगफुटीसारखा पाऊस झाला की खाली कोरड्या वाटणाऱ्या ओढ्याला काही मिनिटांत लोंढा येतो. म्हणून क्लबांमध्ये नियम आहे: जे पाणी पायी ओलांडून पाहता येत नाही त्यात गाडी घालायची नाही. पंधरा गाड्यांचा ताफा ओढ्याच्या काठावरून परत फिरवण्याचा अधिकार लीडला असतो आणि त्यावर चर्चा होत नाही. एकट्यादुकट्या मालकाला असं ‘नाही’ म्हणणारं कुणी सोबत नसतं.

अडकलेली गाडी काढण्याचं कामही असंच शिस्तीचं आहे. ताणला जाणारा जाड नायलॉनचा दोर वापरला तर पुढच्या गाडीच्या हिसक्याने त्यात साठलेली ऊर्जा अडकलेल्या गाडीला बाहेर खेचते. पण तो दोर चुकीच्या जागी अडकवला आणि ती जागा तुटली, तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो; ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला, म्हणजे टो-बॉलला, दोर लावल्यामुळे जगभरात माणसं दगावली आहेत. गाडी ट्रकवर बांधण्यासाठी कारखान्याने दिलेली बारीक कडी आणि चेसिसला बसवलेला भक्कम रिकव्हरी पॉइंट यातला फरक नवख्याला दिसत नाही. गाडी ओढून काढणाऱ्या विंचच्या दोरावर जाड घोंगडं टाकणं, बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभं करणं, सूचना एकाच माणसाने देणं, या सवयी अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच अंगवळणी पडतात. इगतपुरीला महिंद्रा कंपनीने चालवलेल्या प्रशिक्षण अकादमीत हे सगळं रीतसर शिकवलं गेलं. तशा जागा मोजक्याच, म्हणून बाकी भार क्लबांवर येतो.

इथवर माणसाच्या सुरक्षेचं झालं. जमिनीच्या बाजूने पाहिलं की चाकोरीचा मुद्दा खऱ्या अर्थाने उभा राहतो. माणसांच्या आणि वाहनांच्या वावराचा रानावर काय परिणाम होतो याचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर एक गोष्ट पुन्हापुन्हा आढळली आहे: नुकसान फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. अस्पर्श जमिनीवरच्या पहिल्या काही फेऱ्यांतच माती दबते, झाडोरा मोडतो, आणि बहुतांश हानी तेव्हाच होऊन जाते. पुढच्या शंभर फेऱ्या त्यात तुलनेने थोडी भर घालतात. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. जुन्या गाडीवाटेवरून शंभर गाड्या गेल्याने जेवढं बिघडेल त्याहून जास्त बिघाड पाच गाड्या नव्या हिरवळीवर पसरून करू शकतात. ‘सगळे एकाच रेषेत कशाला, जरा पांगून जाऊ’ हा वरवर समंजस वाटणारा सल्ला म्हणूनच घातक आहे. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जनरल पॅटन यांनी सुरू केलेल्या केंद्रात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही तिथे ओळखू येतात.

आपल्याकडे एवढा पाऊस पडतो, एका पावसाळ्यात गवत सगळं झाकून टाकतं, असं यावर कुणी म्हणेल. गवत झाकतं हे खरं, पण खाली काय चाललंय ते पाहिलं पाहिजे. दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही. उतारावर पडलेली चाकोरी म्हणजे पाण्याला आयता मिळालेला पाट. पहिल्या वर्षी बोटभर खोल असलेली खाच दोन-तीन पावसाळ्यांत ओघळ होते आणि तिच्यातून वाहून गेलेली माती परत येत नाही. काळ्या रेगूर मातीत तर टायरच्या खाचा भरून चाक लाटण्यासारखं गुळगुळीत होतं, घसरतं आणि घसरताना खोल चर पाडतं. बेसॉल्टच्या उघड्या पायऱ्या आणि घट्ट मुरूम गाडीचा भार सोसतात. रेगूर, गाळवट आणि ओल्या उताराची माती सोसत नाही. जमीन वाचता येणं ते हेच.

सगळ्यांत नाजूक आहेत ते सडे. घाटमाथ्यावरची जांभ्या दगडाची ही पठारं उन्हाळ्यात उजाड, ओसाड दिसतात आणि म्हणूनच गाडी पळवायला मोकळं मैदान वाटतात. कातळावर काही सेंटिमीटरच मातीचा थर असतो, कुठे तेवढाही नसतो. त्या पातळ थरात पावसाचे चार महिने जे जग उभं राहतं ते इतरत्र सहसा दिसत नाही: कीटक खाऊन जगणारी दवबिंदू आणि सीतेची आसवं, डबक्यांमधला वायतुरा, फुलण्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहणारी टोपली कारवी. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आलं, ते याच कारणाने. कासला तिकीट आणि पहारा आहे. त्याच जातीचे कितीतरी सडे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत विनापहारा पसरलेले आहेत. अडचण अशी की क्लबांचा हंगाम आणि सड्यांचा हंगाम एकच आहे. जून लागला की चिखल होतो, चिखल झाला की सहलींचं वेळापत्रक लागतं, आणि नेमक्या त्याच वेळी माती सर्वांत लवकर दबण्याच्या अवस्थेत असते आणि बी रुजत असतं. पावसाळ्यात सडा, गवताळ उतार आणि शेताकडे जाणाऱ्या मातीच्या वाटा क्लबांनी स्वतःहून बंद ठेवायला हव्यात असं मला वाटतं. समुद्रकिनाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. कोकणात वेळास, आंजर्ल्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. चाकाखाली घरटं दबतं आणि पिल्लं समुद्राकडे निघाली की खोल चाकोरीत अडकून पडतात. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांची छायाचित्रं दर सुट्टीत वर्तमानपत्रात येतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. आपल्याकडेही पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि ते योग्यच आहे.

इथे छंदाच्या बाजूने विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे: मग जायचं कुठे? अमेरिकेत १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने सरकारी जमिनींवर अशा वाहनांसाठी वाटा ठरवून देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तशी काहीच व्यवस्था नाही. ‘मोकळी जागा कुणाचीच नसते’ हा शहरी समज मात्र पक्का आहे. प्रत्यक्षात माळ गायरान असतो, म्हणजे गावाच्या गुरांचा. झाडीचा पट्टा राखीव वनाचा असतो आणि तिथे परवानगीशिवाय शिरणं १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. अभयारण्यांना १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे. उरलेली जमीन कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते. पण यातून बाहेर पडण्याचं एक साधन आपल्याच महसूल दफ्तरात आहे आणि त्याकडे कुणी फारसं पाहत नाही. प्रत्येक गावच्या नकाशात गाडीमार्ग आणि पायमार्ग वेगवेगळ्या तुटक रेघांनी दाखवलेले असतात. शिवरस्ते, पाणंदी यांची नोंद असते. म्हणजे चाकोरीला कागदावर अस्तित्व आहे. जिथून पिढ्यान्पिढ्या बैलगाड्या गेल्या, ज्या वाटेची जमीन केव्हाच दबून गेली आहे आणि जी नकाशावर गाडीमार्ग म्हणून आहे, तिथून कोरड्या दिवसांत, ग्रामपंचायतीला विचारून, पाच-सहा गाड्या हळू गेल्या तर निसर्गाचं आणि गावाचं नुकसान कमीत कमी होईल. चिखलाची हौस असेल तर शहरांभोवती दगडाच्या बंद पडलेल्या खाणी आहेत, खासगी पडीक जमिनी आहेत. मालकाशी करार करावा, तिथे वाटेल तितका चिखल करावा.

नोंदीचं महत्त्व इंग्लंडच्या उदाहरणावरून कळतं. तिथेही जुन्या, डांबर न पडलेल्या गाडीवाटांवर जीप नेणारे क्लब आहेत. २००६ च्या एका कायद्याने, ज्या वाटांवर वाहनांचा हक्क रीतसर नोंदलेला नव्हता अशा बहुतेक वाटांवरचा मोटारींचा हक्क संपुष्टात आला. ज्यांनी आधीपासून जुने नकाशे चाळून नोंदी पक्क्या केल्या होत्या तेवढंच वाचलं. कॅलिफोर्नियातली रुबिकॉन ही ३५ किलोमीटरची वाट तर जगभरच्या ऑफ-रोडवाल्यांची पंढरी. तीही मुळात १८८७ मध्ये सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झालेली गाडीवाट आहे, आणि १९५३ पासून तिथे जीपवाल्यांचा मेळा भरतो. गर्दी वाढली, वाटेवर तेल सांडलं, वाटेच्या कडेने नव्या वाटा फुटल्या. २००४ मध्ये मानवी मैल्यामुळे स्पायडर लेक या तळ्याचा परिसर बंद करावा लागला, आणि २००९ मध्ये पाणी नियंत्रण मंडळाने काउंटी आणि वनखात्यावर सफाईचा आदेश काढला. वाट बंद होण्याचीच ही लक्षणं होती. ती वाचली याचं बरंच श्रेय वापरणाऱ्यांच्या स्वयंसेवी गटांना जातं. त्यांनी दगड रचून उतार पक्के केले, पाण्याचे निचरे काढले, शौचाची सोय लावली, बाजूच्या बेकायदा वाटा दगड टाकून बुजवल्या. आइसलंडने याच्याही पुढे जाऊन रस्ता सोडून गाडी घालणं कायद्यानेच निषिद्ध केलं, कारण तिथलं शेवाळ भरून यायला दशकं लागतात. आपल्या सड्यांना मी आइसलंडचा न्याय लावेन, गाडीवाटांना रुबिकॉनचा.

आक्षेप आणखीही आहेत. पंधरा-वीस लाखांच्या गाडीत बसून डिझेल जाळत डोंगर पाहायचा ही श्रीमंतांची चैन आहे, चालत का जात नाही, असं ट्रेकर मंडळी म्हणतात. यातला पहिला भाग मला मान्य आहे. इंधनाचा मोठा वाटा शहरापासून वाटेपर्यंतच्या प्रवासातच जळतो, म्हणून जवळची वाट निवडणं एवढाच त्यावर इलाज. पायमार्गावर गाडी नेऊ नये हेही मान्य. नकाशातल्या दोन वेगळ्या रेघा त्यासाठीच आहेत. पूर आला की हेच लोक मदतीला धावतात, हा क्लबांचा आवडता बचाव आहे. २०१८ च्या केरळच्या महापुरात तिथल्या ऑफ-रोड जीपवाल्यांनी खरोखर माणसं वाचवली आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. तरी वर्षातल्या एका आपत्तीच्या पुण्यावर बावन्न रविवारांचा हिशेब चुकता करता येत नाही. ‘पवनचक्क्यांसाठी सड्यांवर रस्ते कापले, रिसॉर्टसाठी डोंगर फोडले, मग आमच्या चार गाड्यांचं काय घेऊन बसलात’ हा युक्तिवाद मला त्याहून कच्चा वाटतो. दुसऱ्याच्या मोठ्या नुकसानीने आपलं लहान नुकसान भरून येत नाही. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरशी तुलना तर नकोच. त्याला त्या वाटेवरून रोज जावं लागतं, आणि आपण पाडलेल्या चरात उद्या त्याचीच ट्रॉली रुतते.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. क्लब कितीही शिस्तीचा असला तरी तो वाटा उघड करतो. एका सहलीचे व्हिडिओ पसरतात, जीपीएसवरची रेघ हातोहात फिरते, आणि पुढच्या रविवारी त्याच ठिकाणी ब्रीफिंग न झालेल्या, स्पॉटर नसलेल्या चाळीस गाड्या येतात. २०२२ मध्ये केरळात वागमणच्या चहामळ्यात परवानगीशिवाय झालेल्या ऑफ-रोड कार्यक्रमावर परिवहन खात्याला कारवाई करावी लागली. तोवर जिल्हा प्रशासनाने अपघातांमुळे अशा सहलींवर निर्बंध घातलेले होते. आपल्या जिल्ह्यांतही तसं होईल. यावर मी एवढंच म्हणू शकतो की गाड्या आधीच विकल्या गेलेल्या आहेत. त्या मालकांना क्लब मिळाला नाही तर ते घरी बसणार नाहीत, एकटे जातील. एकट्या मालकापुढे फक्त गाडीची ताकद आणि मोबाइलवरचे व्हिडिओ असतात. क्लबात निदान एक माणूस असतो ज्याच्या ‘मागे फिरा’ला किंमत आहे. पण ही बाजू घ्यायची तर क्लबांनी काही अटी स्वतःवर घालून घ्यायला हव्यात. वाटेचा नेमका ठिकाणा जाहीर करू नये. एका वेळच्या गाड्यांना मर्यादा हवी. चिखल उडवणाऱ्या चित्रफितींवर प्रसिद्धी मिळवण्याचा मोह सोडावा. नवख्याला प्रशिक्षणाशिवाय ट्रेलवर घेऊ नये. आणि गाडीतल्या बदलांबाबत कायद्यात राहावं. समोरच्या लोखंडी बुल-बारला २०१७ पासून केंद्राने मनाई केली आहे आणि मूळ रचना बदलण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला आहे. एवढे नियम पाळले तर छंदातली मजाच जाईल, असं काही सभासद म्हणतील. माझ्या मते अवघड जागा वेगाने पार करण्यात जी मजा आहे ती एकदाच मिळते. तीच बेसॉल्टची पायरी, टायर न घसरवता, बॉनेटखालचा दगड मनात ठेवून, स्पॉटरच्या दोन बोटांच्या खुणेवर चढण्यात दर खेपेला नवं काहीतरी असतं, कारण प्रत्येक पावसाळ्यानंतर दगड हललेले असतात.

पावसाळ्यानंतर करण्यासारखं आणखी एक काम आहे, आणि क्लबांच्या वेळापत्रकात त्याला एक रविवार मिळायला हवा. उतारावरच्या गाडीवाटेवर ठरावीक अंतराने दगडांची तिरपी ओळ मातीत पुरली की चाकोरीतून वाहणारं पाणी बाजूच्या गवतात वळतं आणि ओघळ पडायचा थांबतो. घाटरस्ते बांधणाऱ्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून माहीत होती. दगड तिथेच मिळतात. पाच गाड्यांतली दहा-बारा माणसं दिवसभरात अर्ध्या किलोमीटरची वाट अशी बांधू शकतात, आणि त्यासाठी लागणारं फावडं रुतलेल्या चाकापुढची माती उकरायला प्रत्येक गाडीत असतंच.